वर्स्लीचा कारभारी

मँचेस्टरच्या पश्चिमेला वर्स्ली नावाचं जुनं गाव आहे. आता ते सॅल्फर्ड शहरात मिसळून गेलंय आणि शेजारून मोटरवे धडाडत जातो. पण रस्ता सोडून थोडं खाली उतरलं की वालुकाश्माचा उभा कडा समोर येतो. अंगावर शेवाळ, फटींमधून नेचे. कड्याच्या तळाशी दोन बुटकी तोंडं अर्धीअधिक पाण्यात बुडालेली दिसतात. या जागेला डेल्फ म्हणतात, म्हणजे दगड काढायची खाण. त्या तोंडांतून बाहेर येणाऱ्या पाण्याला गंजक्या पत्र्यावरून ओघळलेल्या पावसाची तांबूस झाक आहे. आतल्या टेकडीच्या पोटात कोळशाच्या जुन्या खाणी आहेत आणि तिथलं लोह अजून पाण्यात उतरतंय.

इंग्लंडमधलं कालव्यांचं युग या कड्यापाशी सुरू झालं. त्याचं श्रेय शाळेच्या पुस्तकांत दोघांना मिळतं. एक या जमिनीचा मालक, ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक फ्रान्सिस एगर्टन. दुसरा जेम्स ब्रिंडली, फारसं लिहिता न येणारा पण पाण्याची चाल ओळखणारा यंत्रकारागीर. मला ज्याच्याविषयी लिहायचं आहे तो तिसरा माणूस, जॉन गिल्बर्ट. तो ड्यूकच्या इस्टेटीचा एजंट होता. वर्स्लीबद्दल मी जितकं वाचत गेलो तितकं मला वाटत गेलं, की हा कालवा आधी एका कारभाऱ्याच्या डोक्यात वाहिला आणि मग जमिनीवर.

इस्टेट एजंट म्हटलं की आपल्यापुढे फ्लॅट दाखवत फिरणारा माणूस येतो. अठराव्या शतकातला इंग्लंडमधला एजंट अगदी निराळा. त्याला स्टुअर्डही म्हणत. आपल्या भाषेत त्याला कारभारी किंवा दिवाणजी म्हणता येईल. मालक वर्षातले कितीतरी महिने लंडनला असायचा, पार्लमेंटसाठी, दरबारासाठी, मुलींची लग्नं जमवण्यासाठी. मागे उरलेली हजारो एकर जमीन, कुळं, जंगल, गिरण्या, खाणी आणि भांडणं, हे सगळं एजंटच्या गळ्यात. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या डीन इथं अर्ल ऑफ कार्डिगनचा स्टुअर्ड डॅनियल ईटन होता. १७२५ ते १७३२ या काळातली त्यानं मालकाला लिहिलेली पत्रं टिकली आहेत आणि पुढे छापलीही गेली. मालक लांब होता म्हणून पत्र लिहावं लागलं, आणि पत्र लिहिलं म्हणून गावचा तो कारभार आज आपल्याला वाचता येतो.

वर्षातून दोनदा खंड गोळा व्हायचा. २५ मार्चचा लेडी डे आणि २९ सप्टेंबरचा मायकलमस. त्या दिवशी कुळं अंगावर बरे कपडे घालून एजंटच्या टेबलापुढे रांगेत उभी राहायची. टेबलावर वही, दौत आणि नाणी जोखायचा छोटा तराजू, कारण झिजलेली किंवा कडा कातरलेली गिनी पूर्ण किमतीला धरता यायची नाही. एखादं कूळ अर्धाच खंड घेऊन यायचं आणि गुरं दगावली, पाऊस लागला, बायको आजारी पडली असं सांगायचं. बाकी मांडून ठेवायची, सूट द्यायची की जमीन काढून घ्यायची, हे एजंटनं तिथल्या तिथं ठरवायचं. तो दिवस संपताना कुळांना जेवण असे, मांस आणि बिअर. ज्याची बाकी वहीत चढली आहे तोही त्याच पंगतीला बसे.

पट्ट्यांचा एक प्रकार तर असा होता की वाचताना मी थबकलो. पट्टा वर्षांच्या बोलीनं नाही, तर तीन माणसांच्या हयातीच्या बोलीनं द्यायचा. करारात तीन नावं घालायची, बहुतेक वेळा घरातल्या लहान मुलांची, कारण ती जास्त जगण्याची आशा. तिघांतला शेवटचा जिवंत असेपर्यंत जमीन त्या घराकडे. म्हणजे एजंटला गावातल्या प्रत्येक घराची खबर ठेवावी लागे. कोण समुद्रावर गेलं, कोण सैन्यात, कुणाला देवी आल्या. पट्ट्यातलं एक नाव गेलं की नवं नाव घालण्यासाठी कुळाला रक्कम मोजावी लागे. घरात मूल गेलेलं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत एजंटशी त्या नावाच्या जागेचा सौदा, असं त्या लोकांनी भोगलं असणार.

शिवाय गावकी होती. पॅरिश हा म्हणायला चर्चचा इलाखा, पण गरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी, कॉन्स्टेबलची नेमणूक, हे सारं पॅरिशच्याच माथी. प्रत्येक घरवाल्यानं वर्षाचे सहा दिवस रस्त्यावर फुकट राबायचं असा कायदा होता. गरिबांसाठीची पट्टी गोळा करणारा आणि वाटणारा ओव्हरसियर गावातलाच एखादा शेतकरी असे, आणि तो शेतकरी बहुधा एजंटच्याच वहीतलं कूळ. मॅनरचं, म्हणजे जमीनदारीचं, जुनं न्यायालय भरे तेव्हा मालकाच्या खुर्चीत स्टुअर्ड बसे. मतदानही उघड होतं, कारण गुप्त मतदान इंग्लंडमध्ये आलं ते थेट १८७२ मध्ये. कुणी कुणाला मत दिलं हे एजंटला कळायचंच, आणि पुढच्या लेडी डेला ते कूळ त्याच टेबलापुढे उभं राहायचं.

या धंद्याची पुस्तकंही निघाली. स्वतः स्टुअर्ड असलेल्या एडवर्ड लॉरेन्सनं १७२७ मध्ये स्टुअर्डच्या कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात हिशेबाची शिस्त आहे, खताची, कुंपणांची माहिती आहे. आणि एक सल्लाही आहे, की मालकाच्या इलाख्यात ज्यांची स्वतःची छोटी जमीन आहे त्यांना स्टुअर्डनं जमेल तसं विकत घेऊन मोकळं करावं, म्हणजे पुढे सगळी जमीन एकत्र करून कुंपणं घालायला आडकाठी राहत नाही. हे वाक्य लिहिणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला ते नीटनेटक्या शेतीचं काम वाटत होतं. तरी त्या सल्ल्याखाली किती घरं आणि किती चुली दबल्या असतील, हा विचार काही केल्या मनातून जात नाही.

आता गिल्बर्ट. ते दोघे भाऊ, स्टॅफर्डशरमधल्या कॉटन गावचे. थोरला थॉमस १७२० चा, धाकटा जॉन १७२४ चा. घरची थोडी जमीन होती आणि चुनखडीच्या धंद्यात भाग होता. थॉमस वकील झाला. जॉनला तेराव्या वर्षाच्या आसपास बर्मिंगहॅमला धातुकामाच्या कारखान्यात उमेदवारीला पाठवलं. कारखान्याचे मालक मॅथ्यू बोल्टनचे वडील. हाच मॅथ्यू बोल्टन पुढे जेम्स वॉटचा भागीदार झाला. वडील वारले तसा जॉन एकोणिसाव्या वर्षी घरी परतला आणि चुन्याच्या भट्ट्या सांभाळू लागला. म्हणजे एका भावाला कायदा कळत होता, दुसऱ्याला दगड, भट्टी आणि मजूर कळत होते. पुढच्या चाळीस वर्षांत या जोडीनं जे केलं ते या वाटणीतून आलं, असं मला वाटतं.

थॉमस लॉर्ड गोवरचा एजंट झाला. गोवर हा तरुण ब्रिजवॉटर ड्यूकचा मेहुणा, शिवाय ड्यूक लहान असताना त्याच्या पालकांपैकी एक. अकराव्या वर्षी ड्यूक झालेला हा मुलगा १७५७ मध्ये वयात आला तेव्हा वर्स्लीची इस्टेट पाहायला विश्वासाचा माणूस हवा होता, आणि थॉमसनं धाकट्या भावाचं नाव सुचवलं. ड्यूकचं एक लग्न जुळता जुळता मोडलं आणि तो लंडन सोडून लँकशरमध्ये येऊन राहिला. प्रेमभंग झालेला ड्यूक आणि त्यानं खोदलेला कालवा, अशी गोष्ट इंग्रज लोक आवडीनं सांगतात. पण ड्यूक मन गुंतवायला काहीतरी शोधत होता, तेव्हा त्याच्या पुढ्यात हिशेबासकट तयार काम ठेवणारं कुणीतरी तिथं असावं लागतं. तो गिल्बर्ट होता.

वर्स्लीत कोळसा भरपूर होता. अडचणी दोन होत्या. खाणीत पाणी शिरायचं, आणि वर आलेला कोळसा मँचेस्टरपर्यंत नेताना त्याची किंमत दुपटीच्या घरात जायची. घोड्यांच्या पाठीवर गोण्या, चिखलाचे रस्ते, नाहीतर इर्वेल नदीतून होडी. त्या नदीवर एका नॅव्हिगेशन कंपनीचा हक्क आणि तिचा टोल. ड्यूकच्या वडिलांनी १७३७ मध्येच वर्स्लीच्या ओढ्यातून नदीपर्यंत जलमार्ग करायचा कायदा करून घेतला होता, पण तो कागदावरच राहिला. खाणीतलं पाणी काढायला टेकडीच्या पायथ्यापासून आत एक बोगदाही खणलेला होता. तिथले खाणकामगार असल्या बोगद्याला ‘सफ’ म्हणत.

गिल्बर्टची अक्कल इथं दिसते. खाणवाल्याला पाणी नको असतं आणि कालवेवाल्याला पाणी पुरत नाही. एक माणूस फक्त खाण पाहतो, दुसरा फक्त वाहतूक. इस्टेटीचा कारभारी मात्र एकाच वहीत दोन्ही खाती लिहितो, म्हणून त्याला ती शेजारी शेजारी दिसली. खाणीचं उपसायचं पाणी म्हणजेच कालव्याचं पाणी. मग कालवा टेकडीच्या पायथ्याशी थांबवायचा कशाला? तो सरळ टेकडीच्या पोटात न्यायचा. होडी कोळशाच्या थराजवळ जाईल, तिथंच भरली जाईल आणि पाण्याच्या वाहत्या धारेबरोबर उजेडात येईल. कोळसा वर ओढायला नको, घोड्यावर लादायला नको, पाणी उपसायलाही नको. डेल्फची ती दोन बुटकी तोंडं म्हणजे या कल्पनेचं दार.

त्या होड्या साडेचार फूट रुंद आणि पन्नास फुटांच्या जवळपास लांब. आतल्या फासळ्या उघड्या दिसायच्या, म्हणून लोकांनी त्यांना ‘स्टारव्हेशनर’ नाव ठेवलं, उपाशी माणसाच्या छातीसारख्या होड्या. अंधारात मेणबत्तीच्या उजेडात, भिंतीला हातपाय रेटत त्या पुढे न्यायच्या. कोळसा लाकडी पेट्यांत भरलेला असे. मँचेस्टरला कॅसलफील्डच्या धक्क्यावर पेट्या पाणचक्कीवर चालणाऱ्या यारीनं वरच्या रस्त्याच्या पातळीला उचलत, म्हणजे फावड्यानं उपसण्याचं काम वाचलं. पुढे जमिनीखालचं हे जाळं चार पातळ्यांवर मिळून ४६ मैलांपर्यंत वाढलं. वर गावात चर्चची घंटा वाजत असताना खाली होड्यांची रहदारी चालू असे.

पहिला कायदा २३ मार्च १७५९ रोजी मंजूर झाला. त्या काळी कालवा खोदायला पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागे, कारण दुसऱ्यांच्या शेतातून जायचं तर जमीन घेण्याचा अधिकार हवा. कायद्यात ड्यूकनं एक बोली मान्य केली. मँचेस्टरमध्ये कोळसा चाळीस वर्षं हंड्रेडवेटला, म्हणजे साधारण ५१ किलोला, चार पेन्सपेक्षा महाग विकायचा नाही. ही बोली म्हणजे गिरणीवाल्यांचा आणि चूल पेटवणाऱ्या बायकांचा पाठिंबा आधीच मिळवणं. गावकीत वावरलेल्या माणसालाच हे सुचतं. कारण विरोध करणारे ठरलेले असतात. नदीवरच्या कंपनीचा टोल बुडणार, ज्यांची शेतं दुभंगणार ते चिडणार. त्यांच्याशी लढताना आपल्या बाजूनं बोलणारं शहर लागतं.

ब्रिंडली वर्स्लीत आला तो १७५९ च्या जुलैत, म्हणजे कायदा झाल्यावर तीन महिन्यांहून अधिक काळानं. ही तारीख मला महत्त्वाची वाटते. कालवा कुठून कुठं जाणार, त्याला पाणी कुठलं, कोळसा कोणत्या बोलीनं विकायचा, हे तो यायच्या आधी ठरलं होतं. ब्रिंडलीचा मोठेपणा मी कमी करत नाही. नदीच्या अलीकडेच थांबणारा मार्ग बदलून बार्टनला इर्वेल ओलांडायची, कालवा एकाच पातळीवर ठेवायचा, मध्ये एकही पाणदरवाजा नको, या आखणीवर त्याची छाप आहे. त्यासाठी १७६० मध्ये दुसरा कायदा करावा लागला. पण संध्याकाळी वर्स्लीच्या जुन्या हॉलमध्ये ड्यूक, एजंट आणि कारागीर असे तिघे टेबलाभोवती बसत, तेव्हा या शेताचा मालक कोण, तो कशानं राजी होईल, उद्या किती मजूर मिळतील, विटा कुठून येतील, याची उत्तरं एकाकडेच होती.

बार्टनचा जलसेतू तीन कमानींचा, सुमारे ६०० फूट लांब, नदीपासून चाळीसेक फुटांवर. खाली नदीत होड्या आणि वर पुलावरून दुसऱ्या होड्या, हे तेव्हाच्या लोकांना वेडेपणा वाटलं. गळती थांबवायला चिकणमातीचे थर पाणी घालून पायांनी तुडवायचे आणि एकावर एक बसवायचे. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा एक कमान दबली, ब्रिंडलीचा धीर सुटला, तो जाऊन अंथरुणाला खिळला आणि गिल्बर्टनं कमानीवरचं ओझं उतरवून ती सावरली, असं सांगतात. १७ जुलै १७६१ रोजी पहिली होडी पलीकडे गेली. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. थंडीच्या दिवसांत निम्म्या भावात कोळसा मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी चूल जपून पेटवावी लागते त्यांनाच कळेल.

पैशाचं काय? ड्यूकला नुसता वर्स्ली-मँचेस्टर कालवा पुरेसा नव्हता. १७६२ च्या कायद्यानं तो रंकॉर्नच्या दिशेनं मर्सी नदीच्या खाडीपर्यंत न्यायचं ठरलं. ड्यूकनं स्वतःचा खर्च वर्षाला ४०० पौंडांवर आणला असं म्हणतात. १७६५ मध्ये त्यानं लंडनच्या चाइल्ड पेढीकडून २५,००० पौंड कर्ज घेतलं, तेही तयार झालेला कालवा तारण ठेवून. तोवर हात किती आखडला होता, याची एक हकिगत सॅम्युएल स्माइल्सनं १८६१ मध्ये छापलेल्या इंजिनिअरांच्या चरित्रांत दिली आहे. शनिवारची मजुरी भागवायला गिल्बर्ट घोड्यावर बसून कुळांच्या दारोदार फिरे. कुणाकडे पाच पौंड, कुणाकडे दहा. उसने घ्यायचे आणि पुढच्या खंडातून वळते करायचे.

ही हकिगत मला त्या जलसेतूपेक्षा मोठी वाटते. ज्या टेबलापुढे कुळं सहा महिन्यांनी उभी राहत तिथला माणूस आता त्यांच्या अंगणात उभा आहे, आणि पैसे मागतोय. त्यांनी दिले ते भीतीनं की विश्वासानं? दोन्ही असणार. एजंटला नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण नुसत्या भीतीनं आज एक, उद्या दुसरा, असा पैसा महिनोन्महिने मिळत नाही. शब्द पाळणारा माणूस अशी त्याची ख्याती असल्याशिवाय शेतकरी गादीखालची पुरचुंडी काढून देत नाही.

रंकॉर्नजवळच्या नॉर्टनला मात्र ही ख्याती कामी आली नाही. तिथला जमीनदार सर रिचर्ड ब्रुक आपल्या बागेजवळून कालवा जाऊ देईना. रंकॉर्नच्या बाजूचे पाणदरवाजे १७७३ च्या पहिल्या दिवशी सुरू झाले, पण मधला छोटा तुकडा नॉर्टनच्या जमिनीत अडकून राहिला. माल तिथं होडीतून उतरवायचा, गाडीनं पलीकडे न्यायचा आणि पुन्हा होडीत भरायचा. संपूर्ण मार्ग जोडला गेला तो १७७६ मध्ये. ब्रिंडली तोवर वारला होता, १७७२ मध्ये. छोट्या शेतकऱ्यांच्या रानातून गेलेला कालवा एका सरदाराच्या बागेपाशी तीन वर्षं थांबतो, हे त्या काळाच्या न्यायाचं खरं माप आहे.

वर्स्लीच्या ग्रीनवर आज हिरवळ आहे आणि भोवती नेटकी घरं. तेव्हा इथं सुतार, लोहार, होड्या बांधणारे यांचं मोठं यार्ड होतं, धूर आणि गोंगाट. यार्डावर घड्याळ होतं. दुपारच्या सुट्टीवरून मजूर उशिरा येऊ लागले. विचारल्यावर म्हणाले, बाराचे टोले ऐकू येतात, पण एकचा एकुलता एक टोला या गोंगाटात ऐकूच येत नाही. म्हणून ड्यूकनं घड्याळ असं करवून घेतलं, की एक वाजता तेरा टोले पडावेत. ते घड्याळ आता सेंट मार्क चर्चच्या मनोऱ्यात आहे. मी बाहेरच्या भिंतीला टेकून तेरापर्यंत मोजले. अकरा, बारा, आणि मग एक जास्तीचा. मजुरांचं ते म्हणणं खरंही असेल. थकलेल्या शरीराला सुट्टी संपल्याची घंटा ऐकू येत नाही. त्या तेराव्या टोल्यात मला ड्यूकची हुशारी कमी आणि त्या लोकांची थकलेली दुपार जास्त ऐकू आली.

खाणीत कोण काम करत होतं याच्या नोंदी ड्यूक-एजंटांच्या नोंदींइतक्या भरलेल्या नाहीत. लँकशरच्या खाणींत बायका आणि मुलंही कोळसा ओढत. बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली उतरवायला बंदी आली ती १८४२ मध्ये, गिल्बर्ट जाऊन पन्नासएक वर्षं होत आली तेव्हा. कालव्यानं कोळसा वर ओढायचं ओझं कमी केलं हे खरं. पण ज्या थरापर्यंत होडी जात नव्हती तिथून होडीपर्यंत तो आणावा लागेच, आणि तो माणसांनीच आणला.

थोरल्या भावाकडे वळलं की कारभाऱ्याची हीच नजर माणसांच्या दुःखाकडे वळलेली दिसते. थॉमस गिल्बर्ट १७६३ मध्ये न्यूकॅसल-अंडर-लाइमचा खासदार झाला. हे गाव गोवर घराण्याच्या मुठीतलं, आणि मालकाचा एजंटच मालकाच्या गावचा खासदार. पुढे लिचफील्ड, तेही तसंच. १७९४ पर्यंत तो पार्लमेंटमध्ये होता. मालकाच्या कृपेनं मिळालेल्या जागेवर बसून त्यानं आयुष्यभर ज्या विषयाचा पाठपुरावा केला तो मात्र मालकाचा नव्हता. तो गरिबांचा होता.

गावोगावचं गरिबांच्या मदतीचं काम त्यानं एजंट म्हणून जवळून पाहिलं असणार. छोट्या पॅरिशला एकटीला काही झेपत नाही. मग ती गरिबांचा ठेका देऊन टाकते. इतक्या पैशांत इतकी माणसं सांभाळ, असं ठरतं, आणि ठेकेदार जेवणातून पैसे वाचवतो. मदत घेणाऱ्यानं उजव्या खांद्यावर कापडाचा बिल्ला शिवून घ्यायचा, त्यावर ‘पी’ हे अक्षर आणि सोबत पॅरिशच्या नावाचं आद्याक्षर, लाल किंवा निळ्या कापडात. हा १६९७ चा कायदा. म्हातारीनं दुकानात जाताना, चर्चमध्ये बसताना, लेकीकडे जाताना तो बिल्ला वागवायचा. आपण कुणाचं खातो हे अंगावर शिवून घेऊन हिंडणं, आणि तेही पाच-पन्नास घरांच्या गावात, जिथं प्रत्येकाला ते आधीच माहीत असतं.

१७६५ मध्ये थॉमसनं पहिलं विधेयक आणलं. कॉमन्समध्ये ते टिकलं, लॉर्ड्सनी थोडक्यात पाडलं. त्यानं सोडलं नाही. १७७६ मध्ये देशभरातून गरिबांवरच्या खर्चाचे आकडे मागवले गेले. आधी वही, मग उपाय, ही कारभाऱ्याचीच रीत. शेवटी १७८२ मध्ये जो कायदा झाला तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. शेजारच्या पॅरिशनी एकत्र येऊन सामाईक गरीबघर बांधावं, पण त्यात फक्त म्हातारे, आजारी, अपंग आणि अनाथ मुलं असावीत. धडधाकट माणसाला तिथं कोंडू नये, त्याला घराजवळ काम शोधून द्यावं आणि मजुरी कमी पडली तर भर घालावी. गरीबघरापासून दहा मैलांच्या आतल्याच पॅरिशनी त्यात यावं, म्हणजे माणूस आपल्या मुलखापासून फार लांब फेकला जात नाही. आणि सभ्य वागणुकीच्या गरिबाला बिल्ल्यातून सूट द्यावी. बिल्ल्याचा कायदाच रद्द झाला तो १८१० मध्ये.

या कायद्याचं बंधन नव्हतं, पॅरिशना वाटलं तर स्वीकारायचा. त्यामुळे तो विरळ पसरला. १८३४ मध्ये नवा कडक गरीब-कायदा आला तेव्हा ६७ युनियनमध्ये, म्हणजे अशा एकत्र आलेल्या गटांत, ९२४ पॅरिश होत्या, म्हणजे देशातल्या हजारो पॅरिशमधला छोटा भाग. १८३४ च्या लोकांना थॉमसचा कायदा ढिला आणि खर्चिक वाटला. मला तो वाचताना असं वाटतं, की ज्यानं खंडाच्या टेबलामागून गरिबीचे चेहरे पाहिले होते त्यानंच हे लिहिलं असणार. आळशी कोण आणि लाचार कोण हे लंडनमध्ये बसून ठरत नाही, हे त्याला माहीत होतं.

दोघांनी स्वतःसाठीही कमावलं, आणि ते लपवायचं कारण नाही. १७६४ मध्ये लॉर्ड गोवर आणि हे दोघे भाऊ मिळून कंपनी झाली, श्रॉपशरमधल्या गोवरच्याच जमिनीतला कोळसा आणि चुनखडी काढण्यासाठी. जॉननं मीठ काढलं, लेक डिस्ट्रिक्टमधल्या शिसपेन्सिलीत लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या खाणीत पैसा घातला. १७६६ मध्ये मंजूर झालेल्या ट्रेंट-मर्सी कालव्यात मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड याच्याबरोबर दोघांचा हात होता. मालकाचा एजंट मालकाचाच भागीदार. आज याला हितसंबंधांचा गुंता म्हणतात, तेव्हा याला भरवसा म्हणत. आणि ब्रिंडलीच्या घरच्यांना त्याच्या कामाचा पुरता मोबदला ड्यूककडून मिळाला नाही अशी तक्रार राहिली, तीही याच हिशेबाच्या वहीशी जोडलेली आहे. मजुरांची शनिवारची मजुरी उसनी आणून भागवणाऱ्या माणसाच्या वहीत ब्रिंडलीचं खातं तुटपुंजं राहिलं, हे मला गिल्बर्टच्या बाजूनं कितीही विचार केला तरी पटत नाही.

जॉन गिल्बर्ट १७९५ मध्ये वारला. ड्यूक १८०३ मध्ये. त्यानं लग्न केलं नाही. कालव्याची मिळकत त्यानं एका ट्रस्टमध्ये बांधली आणि तिचा फायदा आपल्या भाच्याला दिला. हा भाचा म्हणजे थॉमस गिल्बर्टच्या मालकाचा, लॉर्ड गोवरचा मुलगा, मार्क्वेस ऑफ स्टॅफर्ड. त्याची बायको स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या सदरलंडची काउंटेस. कोळशाच्या होड्यांनी कमावलेला पैसा आता सदरलंडच्या सुधारणेकडे वळला. तिथं सुधारणा म्हणजे दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांवरची माणसं उठवून समुद्रकाठी नेणं आणि मोकळ्या जमिनीत मेंढ्या सोडणं.

स्कॉटलंडमध्ये इस्टेटीच्या कारभाऱ्याला फॅक्टर म्हणत. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरं रिकामी करवणारा पॅट्रिक सेलर हा फॅक्टर होता आणि रिकाम्या झालेल्या जमिनीचा पट्टा त्यानंच मेंढ्यांसाठी घेतला होता. घरांची छपरं उतरवली, लाकडं जाळली. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. रोसाल नावाच्या वाडीतल्या घरांचे दगडी पाये आजही गवतात दिसतात.

गिल्बर्ट आणि सेलर यांना एका ओळीत बसवायला मन तयार होत नाही. एकानं कुळांच्या दारात जाऊन उसने मागितले, दुसऱ्यानं दारंच काढून नेली. पण टेबल तेच, वही तीच, आणि मालक लांब असताना गावाचं काय करायचं हे ठरवायचा अधिकारही तोच होता. लॉरेन्सच्या त्या पुस्तकातला सल्ला आठवा, छोट्यांना विकत घेऊन मोकळं करा. सदरलंडमध्ये विकत घेण्याचीही गरज पडली नाही, कारण तिथल्या माणसांच्या हातात कागद नव्हता.

या सगळ्या सुधारणेची आखणी पाहणारा मुख्य एजंट होता जेम्स लॉक. त्यानं १८२० मध्ये मार्क्वेसच्या इस्टेटींवरच्या सुधारणांचं समर्थन करणारं पुस्तक लिहिलं. १८३७ मध्ये हाच लॉक ब्रिजवॉटर ट्रस्टचा प्रमुख झाला आणि वर्स्लीचा कारभार त्याच्या हाती आला. टेकडीच्या पोटातले कालवे तेव्हा पूर्ण भरात होते. आणखी पन्नास वर्षं, १८८७ पर्यंत, त्या अरुंद होड्या डेल्फच्या बुटक्या तोंडांतून कोळसा घेऊन उजेडात येत राहिल्या.